मॉलिक्युलर मेडिसिनमध्ये पीएचडी करायची म्हणजे नेमकं काय?

आजचा भाग जरा लांबणार आहे. एसटीत किंवा लोकलमध्ये असाल तर निवांत ऐका, आणि हे शब्दांकन वाचत असाल तर शेजारी चहा ठेवा. बोलताना जे सारखं ‘म्हणजे, म्हणजे’ होतं तेवढं काढलंय, बाकी बोलले तसंच ठेवलंय.

गेल्या काही महिन्यांत इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येतोय. ‘ताई, बीएस्सी मायक्रो करतेय, रिसर्चमध्ये जायचंय, कुठली इन्स्टिट्यूट बेस्ट?’ ‘मॉलिक्युलर मेडिसिनला स्कोप आहे का?’ ‘पीएचडीत पैसे किती मिळतात?’ हा तिसरा प्रश्न विचारणारे आधी सॉरी म्हणतात. सॉरी कशाला? विचारलंच पाहिजे. त्यावर येतेच मी.

नवीन ऐकणाऱ्यांसाठी थोडं माझ्याबद्दल. मी यवतमाळ जिल्ह्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, एमएस्सी पुण्यात, पीएचडी महाराष्ट्राबाहेरच्या एका संस्थेत, साडेपाच वर्षं. आता पुण्यात परत येऊन पोस्टडॉक करतेय. काम रक्तपेशींवर. म्हणजे मी या प्रवासात मध्येच कुठेतरी आहे. प्रोफेसर नाही, स्टार्टअप नाही. त्यामुळे जे सांगते ते रोज लॅबमध्ये उभं राहणाऱ्या माणसाच्या नजरेतून सांगते.

आधी हा शब्द. मॉलिक्युलर मेडिसिन हे नाव कोर्सच्या जाहिरातींत इतकं वापरून झालंय की त्याचा अर्थच घासून गेलाय. साधं करून सांगते. आजार कुठल्या अवयवात आहे एवढ्यावर थांबायचं नाही. तो कुठल्या रेणूत आहे, कुठल्या प्रथिनात, डीएनएच्या कुठल्या जागी, ते शोधायचं आणि उपचार तिथे करायचा. हृदय, यकृत, मेंदू यांच्या खाली उतरून जायचं.

याचं सगळ्यांत जुनं आणि आपल्या सगळ्यांत जवळचं उदाहरण म्हणजे सिकलसेल. गडचिरोली, गोंदिया, चंद्रपूर, नंदुरबार या पट्ट्यातले जे ऐकताय, त्यांना हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी: रक्तातली लाल पेशी एरवी गोल आणि लवचिक असते. या आजारात ती ऑक्सिजन कमी पडला की वाकडी, विळ्यासारखी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि प्रचंड वेदना होतात. हातपाय, पाठ, छाती, कुठेही.

१९४९ साली अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक शोधनिबंध छापला. त्याच्या शीर्षकातच सिकलसेलला ‘मॉलिक्युलर डिसीज’ म्हटलं होतं. पॉलिंगना पुढे दोन नोबेल मिळाली, त्यामुळे नाव त्यांचंच घेतलं जातं. पण मला तुम्हाला दुसऱ्या माणसाबद्दल सांगायचंय. हार्वे इटानो. जपानी आईवडिलांचा अमेरिकेत वाढलेला मुलगा. १९४२ साली बर्कलीच्या विद्यापीठात तो पहिला आला, पण पदवीदानाला जाऊ शकला नाही, कारण युद्धाच्या काळात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत डांबलं होतं आणि त्यात तोही होता. नंतर त्याला बाहेर पडून शिकायची परवानगी मिळाली. तो डॉक्टर झाला आणि मग पॉलिंगच्या लॅबमध्ये पीएचडीला आला.

कल्पना पॉलिंगची होती: दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनच्या रेणूत असेल. ती सिद्ध करायचं काम आलं इटानोकडे. त्याने बरेच मार्ग चाचपून पाहिले. शेवटी सिंगर नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्याने निरोगी माणसाचं आणि रुग्णाचं हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात सोडलं. दोन्ही वेगवेगळ्या वेगाने सरकली. म्हणजे त्यांच्यावरचा विद्युतभार वेगळा, म्हणजे रेणूच वेगळा! आणि ज्यांच्यात आजार नाही पण जे वाहक आहेत, त्यांच्या रक्तात दोन्ही प्रकार मिसळलेले. त्या एका प्रयोगाने आनुवंशिकता आणि रसायनशास्त्र एकत्र आणून ठेवलं. पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इनग्रॅमने नेमकी जागा दाखवली: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या १४६ अमिनो आम्लांपैकी फक्त सहावं बदललेलं. ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. बस, एवढंच.

आणि त्या जागेचा धागा धरून, जीनमध्येच कात्री चालवून केलेला उपचार कधी आला? क्रिस्पर तंत्राचं पहिलं औषध, कॅसजेवी, नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेत मंजूर झालं. सिकलसेलसाठीच. कारण कळलं १९४९ मध्ये, जीनमध्ये कात्री चालवणारा पहिला उपचार आला २०२३ मध्ये. मधली ७४ वर्षं मोजा. अमेरिकेत त्याची किंमत ठेवलीय २२ लाख डॉलर.

हा आकडा मी का सांगतेय? कारण एक मेसेज आलाय. नाव सांगत नाही, जिल्हाही नको. मुलगी बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लिहिते: ‘ताई, माझा दादा सिकलसेलचा पेशंट आहे. तो दुखण्याने ओरडतो तेव्हा मला वाटतं की मीच याच्यावर औषध शोधावं. घरचे म्हणतात एमपीएससी कर, नाहीतर बीएड. मी रिसर्चमध्ये गेले तर दादासाठी काही करता येईल का? आणि घर चालेल का?’

हा मेसेज वाचून मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. ‘हो, तू जा, तू करशील’ असं लिहिणं सोपं होतं, ऐकायलाही छान वाटलं असतं. पण ते खरं नाही.

तर ऐक गं, तू हे ऐकत असशील तर. पहिल्या प्रश्नाचं उत्तर: तुझ्या पीएचडीतून तुझ्या दादासाठी औषध निघणार नाही. तू कितीही हुशार असलीस तरी. पीएचडीत माणूस एका मोठ्या प्रश्नाचा नखाएवढा तुकडा सोडवतो. दादासाठी आज जे आहे ते दवाखान्यात आहे, लॅबमध्ये नाही. हायड्रॉक्सियुरिया नावाची गोळी जुनी आहे, स्वस्त आहे आणि बऱ्याच रुग्णांमध्ये वेदनेचे झटके कमी करते. तो ती घेतो का, नियमित घेतो का, रक्ततपासण्या वेळच्या वेळी होतात का, हे डॉक्टरांना विचार. आणि तुझी स्वतःची तपासणी झालीय का? तू वाहक असू शकतेस. एचपीएलसी नावाच्या तपासणीत कळतं. दोघं वाहक एकत्र आले तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून लग्नाआधी माहीत असलेलं बरं. २०२३ पासून केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे, त्यात ही तपासणी होते.

हे सांगून झाल्यावर मग रिसर्च. तुला जायचं असेल तर जरूर जा, पण दादासाठी नको. त्या पाच-सहा वर्षांत तुला जे शिकायला मिळेल ते तुला हवं असेल, तर जा. कारण बरं करण्याच्या घाईने येणारी मुलं दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर फार वाईट कोसळतात. मी पाहिलंय.

याचा अर्थ विद्यार्थ्यांच्या हातून काही मोठं होतच नाही असा घेऊ नका बरं का. इटानो विद्यार्थीच होता. आणि इतकं लांब तरी कशाला जायचं, पवईलाच बघा. नेक्सकार-१९ ही भारतात तयार झालेली पहिली कार-टी उपचारपद्धती. रुग्णाच्याच रक्तातल्या टी-पेशी काढायच्या, त्यांना कॅन्सरच्या पेशी ओळखायला शिकवायचं आणि परत सोडायच्या. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांनी २०१३ नंतर लॅब उभी केली, तिथे काम सुरू झालं. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांबरोबर जून २०२१ मध्ये खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये पहिल्या रुग्णाला ती दिली गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी. परदेशात तीन-चार कोटींना पडणारी गोष्ट इथे त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात आली. त्यातलं बाकावरचं काम, म्हणजे जीन तयार करणं, विषाणूच्या कवचातून ते पेशीत घालणं, पुन्हा पुन्हा तपासणं, हे करणाऱ्यांत पीएचडीचे विद्यार्थी होते. पण तिथेही बघा, दहा वर्षं लागली. ज्याने पहिल्या वर्षी पिपेट हातात घेतलं, तो मंजुरी येईपर्यंत बहुधा दुसऱ्या गावात होता.

बरं, रस्ता. हे भराभर सांगते, कारण यावर यूट्यूबवर ढीगभर व्हिडिओ आहेत.

एमएस्सी लाइफ सायन्सेस, बायोटेक, बायोकेमिस्ट्री, मायक्रो यांपैकी काहीतरी. मग सीएसआयआर-नेट, वर्षातून दोनदा. लाइफ सायन्सेसचा पेपर २०० गुणांचा. त्यातल्या शेवटच्या भागात ७५ प्रश्नांपैकी कुठलेही २५ सोडवायचे, प्रत्येकी ४ गुण, चुकलं की त्यातला चौथा हिस्सा कापतात. हाच भाग निकाल लावतो, कारण त्यात प्रयोगाचा निकाल समोर ठेवून ‘यावरून काय म्हणता येईल’ असं विचारतात. पाठांतर तिथे संपतं. याशिवाय डीबीटीची बीईटी आहे, गेट आहे. टीआयएफआर, एनसीबीएस आणि इतर काही संस्था जेजीबिल्स या परीक्षेतून बोलावतात.

एक गोष्ट मात्र हळू सांगते, कारण दर वर्षी कुणीतरी इथे अडकतं. जेआरएफ मिळाली म्हणजे पीएचडीला प्रवेश मिळाला असं नाही! जेआरएफ म्हणजे तुमच्या नावावर शिष्यवृत्ती. संस्थेत घ्यायचं की नाही ते संस्था मुलाखतीत ठरवते. त्यांचे अर्ज वेगळे, तारखा वेगळ्या. निकाल लागल्यावर पेढे वाटण्यात महिना घालवू नका.

मुलाखतीत काय विचारतात? तुमच्या एमएस्सी प्रोजेक्टबद्दल. ‘हा प्रयोग का केला? कंट्रोल काय ठेवला होता? उलट निकाल आला असता तर काय म्हणाला असतात?’ इंग्रजीची भीती असणाऱ्यांना सांगते: अडखळलेलं इंग्रजी चालतं, मी स्वतः अडखळत बोलले. अडखळलेला विचार चालत नाही. आपला प्रोजेक्ट आधी मराठीत, आईला सांगून बघा. आईला कळला तर तुम्हाला कळलाय.

आता आत गेल्यावर काय होतं. हे मला तपशिलात सांगायचंय, कारण ब्रोशरमध्ये ‘स्टेट ऑफ द आर्ट ट्रेनिंग’ असं लिहितात आणि ते म्हणजे काय हे कुणी सांगत नाही.

पहिले काही महिने कोर्सवर्क. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान १२ क्रेडिट, त्यात संशोधनाची नीतिमत्ता हा विषय सक्तीचा. काही ठिकाणी दोन-तीन लॅबमध्ये थोडे थोडे महिने काम करून मग लॅब निवडू देतात. ही सोय मिळाली तर सोडू नका.

मग खरं काम. मानवी पेशी प्लास्टिकच्या फ्लास्कमध्ये वाढवायच्या. ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. गुलाबी रंगाचं मीडियम दर दोन-तीन दिवसांनी बदलायचं. पेशींना दिवाळी कळत नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी लॅबमध्ये येऊन पेशींना खाऊ घालून संध्याकाळची ट्रेन पकडणारे लोक प्रत्येक संस्थेत असतात.

आणि मग मायकोप्लाझ्मा. हा एक अतिशय छोटा जिवाणू. त्याला पेशीभित्तिकाच नसते, त्यामुळे मीडियममध्ये नेहमी घालतात त्या पेनिसिलिनचा त्याच्यावर परिणाम होत नाही, कारण पेनिसिलिन भित्तिकेवरच काम करतं. मीडियम गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही. पेशी वाढत राहतात, फक्त जरा वेगळ्या वागतात. तुम्ही औषध देता, पेशी प्रतिसाद देतात, तुम्हाला वाटतं वा, काहीतरी सापडलं! आणि तो प्रतिसाद मायकोप्लाझ्मामुळे असतो.

आमच्या लॅबमध्ये एकदा बाहेरून भेट आलेल्या पेशींबरोबर तो आला. पीसीआरने कळलं. इनक्युबेटर रिकामा केला, धुतला, सगळ्या पेशी फेकल्या, द्रवरूप नायट्रोजनमधल्या जुन्या नळ्या काढून परत सुरुवात. माझ्या सीनियरचे चार महिने गेले. ती रडली वगैरे नाही. तिने वहीत तारीख घालून लिहिलं: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतचे निकाल वापरायचे नाहीत. त्या वेळी कुणीही न सांगता मला समजलं की हे लोक इथे काय शिकवतात.

म्हणजे बघा, वेस्टर्न ब्लॉट कसा करायचा, पीसीआर कसा लावायचा, हे सहा महिन्यांत कुणालाही येतं. ट्रेनिंग म्हणजे स्वतःच्या निकालावर संशय घ्यायची सवय. पेशी खरंच त्याच आहेत का? जगभर कित्येक लॅबमध्ये लोक वर्षानुवर्षं एका कॅन्सरच्या म्हणून ज्या पेशींवर काम करत होते त्या प्रत्यक्षात हेला पेशी निघाल्या. म्हणूनच पेशी आणायच्या तर ओळख तपासून देणाऱ्या ठिकाणाहून आणायच्या. पुण्याच्या एनसीसीएसची सुरुवातच १९८६ मध्ये देशभरच्या संशोधकांना पेशी पुरवणारी सोय म्हणून झाली. विद्यापीठाच्या आवारातून रोज जाणाऱ्या कितीतरी जणांना हे माहीत नसतं.

हा संशय कोण शिकवतं? संस्था नाही शिकवत. गाइड शिकवतात, आणि त्यांच्याहून जास्त बाजूच्या बाकावरचे सीनियर शिकवतात. म्हणून मी सुरुवातीला आलेल्या त्या प्रश्नाला, ‘कुठली इन्स्टिट्यूट बेस्ट’, नीट उत्तर देत नाही. नामांकित संस्थेतल्या वाईट लॅबमध्ये तुमची पाच वर्षं वाया जाऊ शकतात. फार नाव नसलेल्या संस्थेत चांगल्या गाइडकडे तुम्ही संशोधक होऊन बाहेर पडता. पाटीचा उपयोग लग्नाच्या बायोडेटात.

मग लॅब कशी बघायची? सगळ्यांत आधी, त्या लॅबमधून आजवर कोण कोण पीएचडी होऊन गेलं, प्रत्येकाला किती वर्षं लागली आणि ते आत्ता कुठे आहेत, हे शोधा. लॅबच्या पानावर जुन्या विद्यार्थ्यांची यादी असते. नसेल तर का नाही, हा प्रश्न मनात ठेवा. शोधनिबंधांत पहिलं नाव विद्यार्थ्यांचं असतं का, की फिरून फिरून एकाच माणसाचं? चालू प्रकल्पाचा निधी कधी संपतोय? एका अँटिबॉडीची बोटाच्या पेराएवढी नळी तीसेक हजारांना पडते आणि यायला दीड-दोन महिने लागतात. निधी आटला की तुमचं काम थांबतं, शिष्यवृत्ती चालू असली तरी. गाइडच्या निवृत्तीला किती वर्षं आहेत? यूजीसीचा नियम सांगतो की तीन वर्षांपेक्षा कमी सेवा उरलेल्यांनी नवे विद्यार्थी घ्यायचे नाहीत. तरी विचारा.

आणि लॅबमधल्या विद्यार्थ्यांना एकटं भेटा. कॅन्टीनमध्ये, गाइड नसताना. ‘सर कसे आहेत’ असं विचारू नका, सगळे ‘छान आहेत’ म्हणतात. विचारा, ‘शेवटची सुट्टी कधी घेतली होती? प्रयोग फसला की मीटिंगमध्ये काय होतं?’ मी पीएचडी केली त्याच मजल्यावर एक लॅब होती, तिथे फसलेला प्रयोग दाखवला की आवाज चढायचा. काय झालं असेल सांगा? मुलांनी फसलेले प्रयोग दाखवणंच बंद केलं. आता अशा लॅबमधून जे छापलं जातं त्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

आत गेल्यावर तक्रार असेल तर एक जागा आहे, ती वापरा. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी सल्लागार समिती असते, तिच्यापुढे दर सहामाहीला काम मांडायचं असतं. मुलं तिला परीक्षा समजतात आणि सगळं चकाचक दाखवतात. काम अडलंय, साहित्य मिळत नाही, दिशा बदलायला हवी, हे तिथे बोला आणि इतिवृत्तात येऊ द्या. चौथ्या वर्षी मुदतवाढ मागायची वेळ आली तर तोच कागद कामाला येतो. नियमात पीएचडीची मुदत किमान तीन, कमाल सहा वर्षं आहे, त्यापुढे दोन वर्षांची वाढ, आणि मुलींना व दिव्यांगांना आणखी दोन वर्षं मिळू शकतात. संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजाही आहे. ही माहिती पहिल्या दिवशी कुणी देत नाही, म्हणून इथे देतेय.

आता पैसे. त्या मुलीचा दुसरा प्रश्न, घर चालेल का.

जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनी एसआरएफ झाल्यावर ४२,०००. वर शहरानुसार घरभाडं, हॉस्टेल मिळालं तर ते नाही. पुण्या-मुंबईत एकट्या माणसाचं नीट भागतं, घरी थोडे पाठवताही येतात. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, हे पैसे दर महिन्याच्या एक तारखेला येतात असं समजू नका. माझे एकदा सलग पाच महिने आले नव्हते. कुठल्या टेबलावर अडकले होते ते जाऊ दे. पहिल्या वर्षात चार महिन्यांचा खर्च बाजूला काढून ठेवा, मगच नवीन फोन. दुसरी, पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. तिशीला येऊन तुमच्या नावावर तसं काहीच साचलेलं नसतं, आणि बरोबरच्या बँकेत लागलेल्या मैत्रिणीचा फ्लॅटचा हप्ता सुरू झालेला असतो. तिसरी, शिष्यवृत्ती पाच वर्षांची आणि पीएचडी बऱ्याचदा सहा वर्षांची. मधलं वर्ष कशावर काढायचं हे चौथ्या वर्षीच गाइडशी बोला.

त्यामुळे, ताई म्हणून सांगते, घरावर कर्ज असेल आणि तू एकटीच कमावणारी होणार असशील, तर आधी दोन वर्षं नोकरी करणं हा मार्ग काही कमीपणाचा नाही. डायग्नॉस्टिक लॅबमध्ये किंवा एखाद्या संस्थेत प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काम करता येतं. हात तयार होतात, लॅब आतून दिसते, आणि आपल्याला हे खरंच आवडतंय का तेही कळतं.

पुढचं थोडक्यात. पीएचडीनंतर प्राध्यापक किंवा शास्त्रज्ञाची कायम जागा मिळणारे थोडे, आणि मध्ये पोस्टडॉकची काही वर्षं. इथे रिसर्च असोसिएटला ५८,००० पासून. पण आता पूर्वीसारखं ‘प्रोफेसर नाहीतर काहीच नाही’ असं राहिलेलं नाही. जनुकीय तपासण्या करणाऱ्या कंपन्या आहेत, लसी बनवणाऱ्या आहेत, पुण्यातच आहेत. कार-टीसारख्या पेशी बनवायला लागणारे लोक आहेत. पेटंटचं काम आहे, औषधमंजुरीच्या कागदपत्रांचं काम आहे, वैद्यकीय लेखन आहे. माझ्या बॅचमधली सगळ्यांत समाधानी व्यक्ती एका संस्थेत मायक्रोस्कोप सांभाळते. दिवसभर दुसऱ्यांच्या पेशी बघते आणि सहा वाजता घरी जाते.

आणि कधी कधी काम अनपेक्षित वळण घेतं. दिल्लीच्या आयजीआयबीमध्ये देबोज्योती चक्रवर्ती आणि सौविक माइती यांचा गट क्रिस्परने सिकलसेल दुरुस्त करण्यावर काम करत होता. २०२० मध्ये कोविड आला. त्यांनी तेच प्रथिन वापरून कागदाच्या पट्टीवरची कोविड चाचणी बनवली आणि सत्यजित राय यांच्या गुप्तहेरावरून तिला नाव दिलं फेलुदा. सिकलसेलवरचं कामही पुढे सुरू राहिलं.

शेवटचं, ज्यांना अजून वेळ आहे त्यांच्यासाठी. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापासून एक उन्हाळा लॅबमध्ये घालवा. तीन विज्ञान अकादमींची मिळून समर रिसर्च फेलोशिप असते. ती नाही मिळाली तर सरळ ईमेल करा. ‘रिस्पेक्टेड सर, आय ॲम पॅशनेट अबाउट रिसर्च’ असं चाळीस जणांना एकदम पाठवू नका, ते कुणी उघडत नाही. एका लॅबचा एक शोधनिबंध वाचा. पूर्ण नाही कळला तरी चालेल, एक आकृती कळली पाहिजे. मग पाच ओळी लिहा: मी कोण, तुमच्या अमुक निबंधातली तिसरी आकृती वाचली, त्यात मला हे कळलं नाही, मे-जूनमध्ये आठ आठवडे येऊ शकते, राहायची सोय माझी मी करेन. दहा ठिकाणी पाठवा, प्रत्येकाला वेगळं. सात जण उत्तर देणार नाहीत. दोघं नाही म्हणतील.

पुढच्या भागात अशा आलेल्या ईमेलपैकी तीन वाचून दाखवणार आहे, पाठवणाऱ्यांची परवानगी घेतलीय. तुमचं पत्र तपासून हवं असेल तर येत्या रविवारपर्यंत पाठवा, नाव काढूनच वाचेन. आणि ती मेसेजवाली मुलगी, तुझ्या एचपीएलसीचं काय झालं ते कळव. भेटू.